कॉलरमधलं तिसरं बोट

बंगल्याला वीस वर्षं पूर्ण झाली म्हणून दुपारी चारला कार्यक्रम होता, आणि तो टळला तर बरं, असं टाकेबाईंना चार दिवसांपासून वाटत होतं. चार माणसांत बोलायची भीती म्हणाल तर ती त्यांना आयुष्यात कधी शिवली नव्हती. उलट एकदा सुरू झाल्या की त्यांना थांबवायला माणूस लागायचा. प्रत्येकानं एक आठवण सांगायची, तीन मिनिटांत आटपायची, असं ठरलं होतं. एरवी टाकेबाईंनी त्या तीन मिनिटांवरून भांडण काढलं असतं. या वेळी त्यांनी आपलं नावच यादीतून काढायला लावलं होतं.

बंगला म्हणजे ज्यांच्या आजारावर आता औषध उरलेलं नाही अशा माणसांची शेवटपर्यंत काळजी घेणारी जागा. बारा खाटा, लांब व्हरांडा, मागे स्वयंपाकघर. दारावरच्या पाटीवर संस्थेचं लांबलचक नाव आहे, पण ते पाटी रंगवणाऱ्यानंतर कोणी पूर्ण वाचलं असेल असं वाटत नाही. सगळे बंगलाच म्हणतात.

टाकेबाई तिथे सोळा वर्षं येत होत्या. पगार नाही, हजेरीचं बंधन नाही, तरी आठवड्यातले तीन दिवस त्यांनी कधी चुकवले नाहीत. त्याआधी तीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात मशीन चालवलं होतं. दुकान बंद झालं आणि घरात त्यांचा जीव रमेना. एक दिवस जुन्या चादरींचं गाठोडं द्यायला त्या बंगल्यात आल्या, तर व्हरांड्यातून एक गृहस्थ चालत होते. एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हातानं घसरणारा पायजमा.

"अहो, या माणसानं नमस्कार कुठल्या हातानं करायचा?" टाकेबाईंनी समोर दिसल्या त्या सिस्टरना विचारलं. दहा मिनिटांत पायजम्याला नवं इलॅस्टिक पडलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःचं मशीन घेऊनच आल्या, आणि कपड्यांच्या खोलीच्या खिडकीशी ते जे बसलं ते आजतागायत.

त्यांचं काम बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. आजारी माणूस आठवड्या-आठवड्याला बारीक होतो. कपडे अंगावर लोंबायला लागतात, भेटायला आलेल्यांच्या डोळ्यांत ते दिसतं, आणि ते डोळे पाहून आजारी माणूस आणखी खचतो. म्हणून धुऊन आलेला कपडा टाकेबाई गुपचूप आत घेत. टेप लावायची नाही, नुसत्या नजरेनं माप काढायचं. कापड कापायचं नाही, फक्त आत दुमडायचं. टाके इतके बारीक की शोधून सापडू नयेत. मग तो माणूस सदरा घालायचा आणि म्हणायचा, "अरे, बसतोय की अजून!" ते वाक्य ऐकलं की टाकेबाईंचा दिवस सत्कारणी लागायचा. मोठ्या सिस्टर, म्हणजे पहिल्या दिवसापासून बंगला सांभाळणाऱ्या मुख्य परिचारिका, पाहुण्यांना हसत सांगायच्या, "आमच्याकडे औषधं तीन. गोळी, इंजेक्शन आणि टाकेबाई."

पण नऊ वर्षांपूर्वी टाकेबाईंनी हे गुपचूप करणं अचानक सोडलं. तेव्हापासून त्या आधी विचारतात. "सैल झालाय हो. आत घेऊ का?" कोणी हो म्हणतं, कोणी राहू दे म्हणतं, एखादी बाई रडते. हा बदल का झाला, हे बंगल्यात कोणाच्या लक्षातही आलं नाही. टाकेबाईंनी ते पोटात ठेवलं होतं.

मंगळवारी मोठ्या सिस्टर कपड्यांच्या खोलीत डोकावल्या आणि सहज म्हणाल्या, "शनिवारी मोजणीसाहेबांची मुलगी येतेय. फोन आला होता. ती पण दोन शब्द बोलणार आहे म्हणे. आठवतात ना तुम्हाला मोजणीसाहेब?"

टाकेबाईंच्या बोटात सुई घुसली. "आठवतात थोडेफार," त्या म्हणाल्या आणि बोट तोंडात घातलं, म्हणजे पुढे बोलायला नको.

त्या दिवसापासून त्यांचा जीव टांगणीला लागला. बुधवारी सून म्हणाली, "आई, तुम्ही भाजीत मीठ दोनदा घातलंत. आणि कमाल म्हणजे तशीच खाल्लीतही. झालंय तरी काय?" टाकेबाई म्हणाल्या, दात दुखतोय. सुनेनं लगेच दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. एका थापेपायी चांगला दात जातो की काय, हीही एक काळजी मागे लागली.

मोजणीसाहेब थोडेफार आठवण्यातले नव्हतेच. जमीन मोजण्याच्या खात्यात त्यांचा जन्म गेला होता. पाठीच्या कण्यात ताठा, बोलण्यातही ताठाच. आल्या आल्या त्यांनी आपल्या खाटेपासून खिडकीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजून सिस्टरना सांगितलं होतं. डॉक्टरांनी त्यांच्यापासून काही लपवलं नव्हतं. थोडे महिने आहेत, कदाचित तेवढेही नाहीत, असं समोर बसून सांगितलं होतं. मोजणीसाहेब म्हणाले, "तुमचा अंदाज झाला. मी मापावर जातो."

त्यांचं माप असं की दर रविवारी सकाळी ते आपला आकाशी रंगाचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचे. एरवी बंगल्याचे ढगळ कपडे, पण रविवारी हा सदरा, गळ्याशी बटण लावून. मग कॉलरमध्ये बोटं घालून बघायचे. दोन बोटं जायची. ते खिशातल्या छोट्या वहीत लिहायचे, तारीख, आणि पुढे "दोन बोटं".

"हात वाळले, पाय वाळले, कबूल," ते टाकेबाईंना म्हणायचे. "पण मान जागेवर आहे. माप खोटं बोलत नाही, बाई."

टाकेबाई मान डोलवायच्या. दर शनिवारी दुपारी तो सदरा धुऊन त्यांच्याकडेच यायचा. त्या गळ्याचं बटण उसवून दोन सूत आत सरकवायच्या. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, शिंप्याच्या हिशेबात तेवढ्यानं मोठा फरक पडतो. कॉलर एका बाजूला ओढली जाऊ नये म्हणून मागून बारीक चुणी घ्यायच्या, बगलेखालून कापड आत घ्यायच्या. असं त्यांनी पाच शनिवार केलं. आणि पाचही रविवारी मोजणीसाहेबांच्या वहीत "दोन बोटं" असंच लिहिलं गेलं.

टाकेबाईंकडेही एक वही होती, कोणाचा कपडा कोणाला द्यायचा त्याची. एकदा चुकलेली ओळ त्यांनी गिरगटून टाकली तर मोजणीसाहेब खाटेवरून गरजले. "खाडाखोड करायला हरकत नाही, पण शेजारी सही करा! दुरुस्ती कोणी केली ते कळायला नको? चुकीचा कोणी धनी पाहिजे." टाकेबाईंनी हसत सही केली. ते म्हणाले, "आणि तारीख?" त्यांनी तारीखही घातली.

चौथ्या शनिवारची गोष्ट. टाकेबाई त्यांच्या शेजारी बसून उशीचा अभ्रा शिवत होत्या, तोंडात टाचण्या होत्या. मोजणीसाहेब छताकडे बघत म्हणाले, "मला मुलगी आहे. चार वर्षं बोलत नाही. तिच्या सासऱ्यांच्या जागेची मोजणी माझ्याकडे आली होती. ती म्हणाली, बाबा, हद्द एक फूट सरकवा. मी नाही सरकवली." मग चादर सरळ करत ते म्हणाले, "तिला बोलवायचंय. पण अशा अवस्थेत लवकर बोलावलं तर महिनोन्महिने लटकत राहील बिचारी, संसार सोडून. म्हणून ठरवलंय. कॉलरमध्ये तिसरं बोट गेलं, की त्याच दिवशी फोन."

टाकेबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. निदान पुढची नऊ वर्षं त्यांनी स्वतःला हेच सांगितलं. खरं म्हणजे टाचण्या काढायला कितीसा वेळ लागतो? पण तोवर तीन वेळा बटण सरकवून झालं होतं. आत्ता सांगावं तर त्या ताठ माणसाला एका क्षणात कळणार की मान केव्हाच बारीक झालीय, आणि आपल्या नकळत एका शिंपिणीनं आपलं माप बदललंय. टाकेबाईंना तेवढा धीर झाला नाही. सांगू पुढच्या आठवड्यात, बेतानं, सिस्टरना बरोबर घेऊन, असं म्हणत त्या उठल्या आणि सवयीनं चौथ्यांदा बटण सरकवलं. पुढच्या शनिवारी पाचव्यांदा. त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी, चहा यायच्या सुमाराला, मोजणीसाहेब गेले. नोंदणीच्या कार्डावर त्यांच्या धाकट्या भावाचा नंबर होता. तो आला, सदरा, वही, चष्मा घेऊन गेला. फोन झालाच नाही.

आणि आज ती मुलगी येणार होती.

सकाळी टाकेबाईंनी पहिलं काम केलं ते मोठ्या सिस्टरना गाठण्याचं. सिस्टरनी आपल्या भाषणात टाकेबाईंच्या न दिसणाऱ्या टाक्यांवर चांगला परिच्छेद लिहिला होता.

"तेवढं काढा," टाकेबाई म्हणाल्या.

"अहो, तेच तर छान आहे! सगळे डोळे पुसतील."

"म्हणूनच काढा. माझं कौतुक ऐकलं की मला चक्कर येते."

"तुम्हाला? कौतुक ऐकून?" सिस्टर हसत सुटल्या. पण टाकेबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी हसू आवरलं आणि परिच्छेदावर रेघ मारली. आता बंगल्यात त्या टाक्यांचा उच्चार कोणी करणार नव्हतं. टाकेबाई सुटल्या होत्या. तरी घड्याळाकडे बघणं काही थांबेना.

साडेतीनला मुलगी आली. मुलगी कसली, चांगली पंचेचाळिशीची बाई, वडिलांसारखीच ताठ, हातात कापडी पिशवी. कोणीतरी तिला सांगितलं होतं की कपड्यांच्या खोलीतल्या मावशी सगळ्यात जुन्या. ती सरळ तिथेच आली.

"मावशी, तुम्हाला माझे बाबा आठवतात? जमीन मोजायचे."

टाकेबाई मशीनचं चाक पुसत होत्या. ते पुसतच राहिल्या. "इतकी माणसं येऊन जातात हो, ताई. कोण कोण म्हणून लक्षात राहणार?"

"हो, तेही खरंच," ती म्हणाली. तिनं पिशवीत हात घातला होता, तो तसाच बाहेर काढला आणि ती गेली. टाकेबाई स्टुलावर बसल्या. आपण आत्ता काय केलं हे त्यांना नीट कळलं होतं, आणि स्वतःची त्यांना किळस आली.

व्हरांड्यात खुर्च्या भरल्या. ज्यांना बसवत होतं ते रुग्ण चाकाच्या खुर्च्यांवर पुढे. स्वयंपाकीकाका आधी बोलले. एक आजोबा वीस दिवस फक्त वास घेण्यासाठी स्वयंपाकघरात येऊन बसायचे, घास एकही खायचे नाहीत, आणि तरी "आज मीठ कमी आहे" म्हणून बजावायचे, असं सांगून त्यांनी सगळ्यांना हसवलं. मग गाडीचा ड्रायव्हर उठला, "मी लोकांना आणून सोडतो, परत न्यायला क्वचितच मिळतं," एवढंच म्हणाला आणि खाली बसला. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, वीस वर्षांत आपण एकच शिकलो, माणूस विचारेल तेवढंच सांगावं, पण विचारेल ते खरं सांगावं. टाकेबाई शेवटच्या रांगेत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या.

मग ती उठली. पिशवीतून तिनं वही काढली.

"मी आभार मानायला उठलेय," ती म्हणाली. "तुम्ही बाबांचं सगळं केलंत. मी नव्हते. आमचं बोलणं नव्हतं. मला नऊ वर्षं वाटायचं, त्यांना माझी आठवणच आली नसेल. गेल्या महिन्यात काका वारले, त्यांच्या कपाटात बाबांचा सदरा आणि ही वही सापडली." तिनं पान उघडलं. "इथे लिहिलंय, तिसरं बोट गेलं की लेकीला फोन. आणि खाली प्रत्येक रविवारी, दोन बोटं, दोन बोटं. शेवटचं 'दोन बोटं' ते जायच्या चार दिवस आधीचं आहे. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या आजारात मान इतके आठवडे तशीच राहणं शक्य नाही." तिनं वही मिटली. "म्हणजे आठवण होती. पण फोन करायचा नव्हता. माझ्या बाबांनी कोणासाठी एका फुटाचं माप बदललं नाही, माझ्यासाठीसुद्धा नाही. आणि मला टाळायला स्वतःच्या वहीत खोटं लिहिलं. एवढी मी त्यांना नकोशी झाले होते. असो. तुमचे आभार."

मोठ्या सिस्टर उठल्या, पुढच्याचं नाव घ्यायला त्यांनी कागद उचलला.

"थांबा," टाकेबाई म्हणाल्या.

त्या कशा उठल्या ते त्यांना नंतरही सांगता आलं नसतं. पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. सोळा वर्षांची ही जागा, ती खिडकी, ते मशीन, सगळं आता जातंय असं त्यांना वाटलं आणि रडू आलं, पण थांबता येत नव्हतं.

"तुमच्या बाबांनी खोटं लिहिलं नाही, ताई. त्यांनी जे मोजलं तेच लिहिलं. माप मी बदललं."

"टाकेबाई," सिस्टर हळूच म्हणाल्या.

"बोलू द्या, सिस्टर. मगाशी मी ह्यांच्या तोंडावर खोटं बोलले. मला सगळं आठवतंय. सदरा आणलाय का, ताई?"

तिनं पिशवीतून आकाशी सदरा काढला. टाकेबाई खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेल्या. चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि कॉलरची पट्टी उजेडात धरली. बटणाच्या शेजारी, आडव्या ओळीत, सुईच्या बारीक भोकांचे झुबके होते. एक, दोन, तीन, चार, पाच. रंग तिथे जरासा गडद राहिला होता, बटणाखाली झाकला गेला होता म्हणून.

"हे इथे बटण होतं, ते आले तेव्हा. दर शनिवारी मी ते आत सरकवत आणलं. सदरा सैल दिसू नये म्हणून. त्यांना वाईट वाटू नये म्हणून. चौथ्या शनिवारी त्यांनी मला तुमच्याबद्दल सांगितलं. तिसऱ्या बोटाचंही सांगितलं. तरी मी बोलले नाही. मला भीती वाटली. ते वाट बघत होते, ताई, तुम्हाला बोलावायची. मी त्यांना कळूच दिलं नाही की वेळ झालीय."

मुलीनं सदरा हातात घेतला. पहिल्या झुबक्याला लावून तिनं आपलं बोट उभं ठेवलं. बोटाची दुसरी कड चौथ्या झुबक्याला टेकली, म्हणजे तिथवर बटण बरोबर एका बोटानं आत आलं होतं. तिनं वहीत रविवार मोजले, ओठ हलवत, एकेका तारखेवर नख ठेवून.

"चौथा झुबका म्हणजे तिसऱ्यांदा सरकवलं तेव्हा?" तिनं विचारलं.

"हो."

"म्हणजे या रविवारी तिसरं बोट गेलं असतं." तिनं पुन्हा मोजलं. "गुरुवारपर्यंत अठरा दिवस. अठरा दिवस, मावशी. मी घरीच होते. रविवारी तर मला काहीच काम नसायचं."

टाकेबाईंनी हात जोडले. "मला माफ..."

"ते नंतर बघू," ती म्हणाली. आवाजात राग होता, तो तिनं लपवला नाही. डोळे वाहत होते, तेही लपवले नाहीत. पुढच्या चाकाच्या खुर्चीतल्या एका आजींनी आपल्या ब्लाउजच्या बाहीला हात लावून पाहिला.

मुलगी खुर्चीवर बसली, वही मांडीवर घेतली आणि पर्समधून पेन काढलं. तिसऱ्या रविवारच्या तारखेपुढच्या 'दोन'वर तिनं एक सरळ रेघ मारली. वर लिहिलं, 'तीन'. मग तिनं वही आणि पेन टाकेबाईंपुढे धरलं.

"खाडाखोड आहे," ती म्हणाली. "शेजारी सही लागते."

टाकेबाईंनी पेन घेतलं. मुलीनं वही खालून दोन्ही हातांनी घट्ट धरली. टाकेबाईंनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांनी ठेवलेलं, बंगल्यात कोणालाच ठाऊक नसलेलं.

"तारीखही घाला, मावशी. बाबा तारखेशिवाय सही मानत नसत."

"कुठली घालू?" टाकेबाईंनी विचारलं. "त्या रविवारची?"

"नाही," ती म्हणाली. "आजची."